छत्तीस तासांचा मंगळवार

आमच्या अण्णांनी एकतीस वर्षं एस.टी. चालवली. खाकी कपडे, छातीवर बिल्ला आणि मनगटावर एचएमटीचं चावीचं घड्याळ. सातारा-मुंबई, सातारा-पंढरपूर, सातारा-सोलापूर असे कितीतरी रस्ते त्यांच्या चाकाखालून गेले. "मी पृथ्वीला किती फेऱ्या मारल्या असतील, सांगा पाहू?" असं ते आम्हा दोघी बहिणींना लहानपणी विचारायचे आणि आम्ही पाटी घेऊन बसायचो. रोजचे अडीचशे किलोमीटर, वर्षाचे २८० दिवस, अशी एकतीस वर्षं. तुम्हीही करून बघा. २१ लाख ७० हजार किलोमीटर होतात. पृथ्वीचा घेर सुमारे ४० हजार किलोमीटर. म्हणजे आमच्या अण्णांनी सातारा जिल्ह्याच्या आसपास राहूनच पृथ्वीला चोपन्न प्रदक्षिणा घातल्या होत्या!

अशा माणसाच्या एका तिकिटाची ही गोष्ट आहे.

मी नवरा आणि मुलीबरोबर सिंगापूरला राहते. माझी ताई अमेरिकेत, न्यू जर्सीत असते. आई जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हापासून अण्णा सहा महिने साताऱ्याला आणि सहा महिने आमच्याकडे असतात. २०२४च्या एप्रिलमध्ये ताईचा फोन आला. तिच्या हृदयाची एक झडप नीट काम करत नव्हती आणि जूनमध्ये ऑपरेशन ठरलं होतं. "काळजी करू नका, इथले डॉक्टर चांगले आहेत. कुणी यायची गरज नाही," ती म्हणाली.

अण्णांनी फोन खाली ठेवला. थोडा वेळ गॅलरीत उभे राहिले. मग आत येऊन एकच वाक्य बोलले, "मला तिथं जायचंय."

खरी अडचण पुढे होती. अण्णांचं वय शहात्तर. तीन वर्षांपूर्वी पाय मोडून ते अंथरुणावर होते, तेव्हा त्यांच्या पायातल्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती. सिंगापूरहून न्यूयॉर्कला जायचं म्हणजे जवळजवळ पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला जायचं. आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळे कागद बघितले, तपासण्या करायला सांगितल्या आणि मग म्हणाले, "जाऊ शकता. पण चार अटी. पाय लांब करून आडवं होता आलं पाहिजे. तासा-दीड तासानं उठून चालायचं. पाणी भरपूर प्यायचं. आणि मी देतो ते पायमोजे व गोळ्या चुकवायच्या नाहीत."

आमची सई तेव्हा बारा वर्षांची होती. तिनं लगेच विचारलं, "पण नुसतं बसून राहिल्यानं रक्त का गोठतं?"

डॉक्टरांनी तिला छान समजावलं. आपलं हृदय रक्त खाली पायापर्यंत ढकलतं, पण पायातलं रक्त पुन्हा वर चढवायला पोटरीचे स्नायू मदत करतात. चालताना ते आवळतात, सैल पडतात, पंपासारखे. आपण तासन् तास पाय लोंबकळत ठेवून बसलो की हा पंप बंद पडतो आणि रक्त साचून राहतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ साली या विषयावरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. चार तासांहून जास्त वेळ सलग बसून प्रवास केला, तर अशी गाठ होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं त्यात दिसलं. धडधाकट माणसाला हा धोका मुळात फार थोडा असतो, पण ज्याला आधी एकदा गाठ झाली आहे त्यानं जपायला हवं. आणि हे फक्त विमानाचं नाही बरं का! मोटार, रेल्वे, बस, सगळ्यालाच हे लागू आहे.

"म्हणजे मी एकतीस वर्षं धोक्यातच होतो की!" अण्णा म्हणाले.

"अण्णा, तुम्ही क्लच दाबत होता ना? तो पंपच झाला," सई म्हणाली. डॉक्टर खो-खो हसले.

घरी आल्यावर आमची शोधाशोध सुरू झाली. आडवं व्हायचं तर विमानात बिझनेस क्लास घ्यायला हवा. पण कुणाचा? सईनं गणिताच्या वहीचं मधलं जोडपान काढलं, पट्टी घेतली आणि तक्ता आखला. डावीकडे विमान कंपन्यांची नावं, वर रकाने: एकूण वेळ, विमान किती वेळा बदलायचं, पलंग कसा, दार आहे का, जेवण, किंमत. प्रत्येकाला दहापैकी गुण. आम्ही रोज रात्री जेवणं झाली की हा तक्ता घेऊन बसायचो.

अण्णांना आधी वर्ग समजावून सांगावे लागले. ते एका मिनिटात समजले. "म्हणजे लाल डबा, एशियाड आणि शिवनेरी," ते म्हणाले. "पण एकाच गाडीत तिन्ही!" इतक्या सोप्या भाषेत मलाही सांगता आलं नसतं.

आता तक्त्यात काय काय आलं ते सांगते.

पहिला रस्ता सिंगापूर एअरलाइन्सचा, मध्ये कुठेही न थांबता थेट न्यूयॉर्क. अंतर सुमारे १५,३०० किलोमीटर, वेळ साडेअठरा तासांच्या आसपास. नियमित प्रवासी विमानांत याहून लांबचा थेट प्रवास तेव्हा दुसरा नव्हता. अण्णांनी लगेच भागाकार केला. "रोजचे अडीचशे धरले तर माझी एकसष्ट दिवसांची ड्यूटी! एका दमात!"

त्यासाठीचं विमानही खास असतं. एअरबस ए-३५०ची ही अशी जात आहे, जिच्या टाकीत १ लाख ६५ हजार लिटर इंधन मावतं. एवढं इंधन म्हणजे एवढं वजन. मग दुसरीकडे वजन कमी करावं लागतं. या कंपनीच्या लांब पल्ल्याच्या साध्या ए-३५०मध्ये २५३ जण बसतात, पण या विमानात फक्त १६१. त्यांत ६७ बिझनेस क्लासचे आणि ९४ प्रीमियम इकॉनॉमीचे, म्हणजे थोड्या ऐसपैस खुर्च्यांचे. साधा इकॉनॉमी वर्गच नाही. सईला हे फार आवडलं. "म्हणजे लांब जायचं असेल तर दप्तर हलकं करायचं," ती म्हणाली.

दुसरा रस्ता कतार एअरवेजचा. आठएक तासांनी दोहाला उतरायचं, तिथून दुसऱ्या विमानानं चौदाएक तासांत न्यूयॉर्क. त्यांच्या बिझनेस क्लासमध्ये २०१७पासून 'क्यू-स्वीट' नावाची जागा आली. प्रत्येकाला चक्क सरकतं दार! मधल्या बाजूच्या जागांमधला पडदा खाली केला तर चौघांचं कुटुंब समोरासमोर बसून जेवू शकतं. जेवणही मागाल तेव्हा. फक्त त्यांच्या सगळ्याच विमानांत ही सोय नसते, त्यामुळे तिकीट काढताना विमान कोणतं आहे ते बघावं लागतं.

तिसरा रस्ता एमिरेट्सचा, दुबईमार्गे. त्यांचं ए-३८० म्हणजे दुमजली विमान. बिझनेस क्लास माडीवर आणि माडीच्या मागच्या टोकाला उभं राहून गप्पा मारायला एक गोल काउंटर. पण त्यांच्या काही बोइंग ७७७ विमानांत बिझनेस क्लासच्या खुर्च्या २-३-२ अशा मांडलेल्या. म्हणजे मधल्याला उठायचं तर शेजाऱ्याला ओलांडून जायचं.

चौथा रस्ता जपानच्या ऑल निप्पॉनचा, टोकियोमार्गे. सातएक तास अधिक तेराएक तास. त्यांच्या काही ७७७ विमानांतल्या नव्या जागेचं नावच 'द रूम', खोली! खुर्ची इतकी रुंद की सई आणि तिची मैत्रीण शेजारी शेजारी मावतील. त्यातल्या निम्म्या खुर्च्यांची तोंडं मागच्या बाजूला असतात. "उलट्या तोंडानं मी बसणार नाही," अण्णा ठामपणे म्हणाले. "ड्रायव्हरला पुढचा रस्ता दिसला पाहिजे." विमानात कुणालाच रस्ता दिसत नाही, हे त्यांना सांगायचं धाडस आम्हाला झालं नाही.

आठवडाभरानं सईनं बेरीज केली. दोहाचा रस्ता पहिला आला. दाराला दहापैकी दहा, जेवणाला नऊ. टोकियो दुसरा आणि थेट विमान चक्क तिसरं! कारण त्याला दार नव्हतं. शिवाय तिथला पलंग खुर्ची मागे सरकवून होत नाही. खुर्चीची पाठ पुढे उलटी पाडावी लागते, मग त्यावर गादी घालतात. पायही जरा तिरके ठेवावे लागतात. सईनं त्याला पलंगाचे सहाच गुण दिले होते.

अण्णांनी चष्मा लावून तो तक्ता शांतपणे वाचला. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, "सई, हे गुण कुणी दिले?"

"मी."

"मग तुझ्या प्रवासाला हा तक्ता बरोबर आहे. माझ्या पायाला विचारलंस का?"

सई गप्प झाली. अण्णा तिला जवळ घेऊन म्हणाले, "हे बघ, स्वारगेटला रात्री दोन वाजता गाडी बदलायची असेल, तर आधीच्या गाडीत गादी कितीही मऊ असू दे, माणूस झोपत नाही. फलाट सापडेल का, गाडी चुकेल का, पिशवी राहिली का, हेच डोक्यात. मला दार नको. माझ्याकडे लपवायला काय आहे? मला उठताना कुणाला 'जरा सरका' म्हणायला लागू नये, आणि मधे उतरायला लागू नये."

मग तक्ता नव्यानं आखला गेला. दाराचा रकाना खोडला, जेवणाचा खोडला. नवे रकाने आले: किती वेळा उतरायचं, उठताना शेजाऱ्याला ओलांडावं लागतं का, संडास किती पावलांवर, आडवं होता येतं का. थेट विमानातल्या बिझनेस क्लासच्या खुर्च्या १-२-१ अशा मांडलेल्या होत्या. दोन बाजूंना दोन वाटा, त्यामुळे प्रत्येक खुर्ची वाटेला लागूनच. यावेळी थेट विमान पहिलं आलं. गंमत बघा, विमानं तीच होती, माणसंही तीच होती. फक्त रकाने बदलले आणि निकाल फिरला!

पण सगळ्यांत मोठा रकाना उरलाच होता, किंमत. बिझनेस क्लासचं जाण्यायेण्याचं तिकीट लाखांच्या भाषेत होतं. तो आकडा रुपयांत ऐकून अण्णा उठून उभे राहिले. "एका रात्रीच्या झोपेला एवढे पैसे? एवढ्यात गावाकडं दोन खोल्या वर चढतील. मी नाही जायचा!"

शेवटी मार्ग सापडला तो सईच्या बाबांच्या कपाटात. त्यांना कामासाठी सारखं फिरावं लागतं. जुन्या गिऱ्हाइकाला दुकानदार कधी कधी मापात चार दाणे जास्त घालतो ना, तसं विमान कंपन्या वारंवार येणाऱ्या प्रवाशांच्या नावावर 'माइल्स' जमा करतात. ते साठले की त्यावर तिकीट मिळतं. इतक्या वर्षांच्या माइल्समधून बिझनेस क्लासचं एक तिकीट निघत होतं. एकच! मी बरोबर जाणार होते, ती मागे प्रीमियम इकॉनॉमीत, पैसे भरून.

"पोरगी मागं आणि मी पुढं गादीवर?" अण्णांना ते पटेना.

सईनंही त्याच वेळी विचारलं, "पण आई, ज्याच्याकडे जास्त पैसे त्यालाच आडवं व्हायला मिळणार, हे बरोबर आहे का? आजारी माणसाकडे पैसे नसले तर?"

खरं सांगते, मला नीट उत्तर देता आलं नाही. मी तिला एवढंच सांगितलं, की पुढच्या एका पलंगाच्या जागेत मागच्या दोन-तीन खुर्च्या मावतात. म्हणजे तो माणूस विमानातली जागा जास्त वापरतो, इंधनाचा वाटाही जास्त खातो, म्हणून पैसेही जास्त. हे हिशेबाचं उत्तर झालं. पण तिचा प्रश्न हिशेबाचा नव्हता. न्यूझीलंडच्या विमान कंपनीनं २०२२ साली इकॉनॉमीच्या प्रवाशांसाठीही काही तास आडवं होता येईल अशा फळ्या बसवायची योजना जाहीर केली, हे वाचल्यावर तिला जरा बरं वाटलं.

उत्तर अण्णांनीच दिलं. "आमच्या गाडीत काही सीटं राखीव असायची. अपंगांची, बायकांची, स्वातंत्र्यसैनिकांची. तिथं धडधाकट माणूस बसला तर मी गाडी थांबवून त्याला उठवायचो. सीट गरजेप्रमाणं मिळावी, हे खरं. पण सगळीकडं तसं नसतं, हेही खरं." मग ते जरा थांबले आणि म्हणाले, "ठीक आहे. ही सीट माझ्या पायाची आहे, माझी नव्हे. पाय बरा असता तर मी मागं बसलो असतो." आणि ते तयार झाले.

११ जून २०२४. वार मंगळवार. आणि मंगळवारी अण्णांचा उपवास! विमान दुपारी बाराच्या सुमारास निघणार आणि न्यूयॉर्कला त्याच मंगळवारी संध्याकाळी पोचणार. साडेअठरा तास उडून त्याच दिवशी संध्याकाळ कशी? याचं कारण, उन्हाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ सिंगापूरच्या बरोबर बारा तास मागे असतं. त्यामुळे अण्णांच्या एचएमटीला हातसुद्धा लावावा लागला नाही. सिंगापूरला सकाळचे सात वाजले की तिथे आदल्या संध्याकाळचे सात. काटे तिथेच! सईनं हिशेब केला. सिंगापूरच्या मध्यरात्री सुरू झालेला अण्णांचा मंगळवार न्यूयॉर्कच्या मध्यरात्री संपणार होता. चोवीस अधिक बारा, छत्तीस तासांचा मंगळवार.

"मग उपवास कधी सोडायचा?" अण्णांसमोर मोठाच पेच पडला.

"अंधार पडला की सोडा," मी म्हटलं आणि डब्यात साबुदाण्याची खिचडी भरून दिली.

विमानात चढताना अण्णांनी दारातल्या मुलीला नमस्कार केला आणि मला विचारायला सांगितलं, "ड्रायव्हर किती?" ती हसून म्हणाली, "चार." दोघे चालवतात तेव्हा उरलेले दोघे विश्रांती घेतात, त्यांच्यासाठी झोपायची वेगळी जागा असते. अण्णांना अतिशय समाधान वाटलं. "हे बरोबर आहे," ते म्हणाले. "झोप झालेल्या ड्रायव्हरच्या मागंच माणसानं निर्धास्त झोपावं." मग ते पुढे गेले आणि मी मागे माझ्या जागेवर आले. मध्ये पडदा.

आता नियम असा, की पुढचा प्रवासी मागे येऊ शकतो, पण मागच्यानं पुढे जायचं नाही. मी आधीच सगळं सांगून ठेवलं होतं, तिथल्या मुली अण्णांकडे लक्ष देणार होत्या. तरी मला चैन पडेना. पाणी प्यायले असतील का? पायमोजे खाली सरकले असतील का? पलंग करून घ्यायला सांगता येईल का त्यांना? इंग्रजी बेताचंच. चार तास, पाच तास झाले. बाहेर अंधार पडला. मी तशीच पडद्याकडे बघत बसले होते.

तेवढ्यात पडदा हलला आणि अण्णा आले. अंगात स्वेटर, हातात पाण्याची बाटली. माझ्या खुर्चीपाशी थांबून हळूच म्हणाले, "किती तास बसलीयेस?"

"बसलेय अशीच."

"ऊठ. पाय मोकळे कर. तुझ्या पोटरीला पंप नाही का?"

आम्ही दोघं विमानाच्या अगदी मागच्या टोकाला गेलो. तिथे उभे राहून टाचा वर-खाली, वर-खाली करत राहिलो. मला वाटत होतं, मी त्यांना सांभाळून नेतेय. आणि इथे तेच माझी हजेरी घ्यायला आले होते! त्यांच्या खिशातल्या बोर्डिंग पासवर पेनानं रेघा मारलेल्या होत्या. उठले की एक रेघ. पलंगाचं काय केलंत म्हणून विचारलं, तर म्हणाले, "मी नुसती दोन्ही हातांवर मान ठेवून दाखवली. तिनं गादी घालून दिली. झोपेची खूण जगभर एकच."

मग खिडकीजवळ उभे राहून ते बराच वेळ बाहेरचा काळोख बघत होते. खाली पॅसिफिक महासागर. आणि अचानक म्हणाले, "तुझी आई गेली तेव्हा मी गाडीवर होतो."

हे त्यांनी आजवर कधी काढलं नव्हतं. आम्हीही कधी विचारलं नव्हतं.

"सोलापूरला पोचलो तेव्हा कंट्रोलमध्ये निरोप येऊन पडला होता. परत येईपर्यंत सगळं झालं होतं. एकतीस वर्षं लोकांना वेळेवर पोचवलं गं मी. आपल्या माणसाजवळ मात्र..." पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. बाटलीतलं पाणी प्यायले. "ताईचं ऑपरेशन व्हायच्या आधी तिला दिसायचंय मला. एवढंच."

त्या क्षणी मला कळलं, की त्यांनी तक्त्यातला 'किती वेळा उतरायचं' हा रकाना इतका धरून का ठेवला होता. तो फक्त पायासाठी नव्हता. मध्ये गाडी चुकायची भीती त्यांना पुन्हा नको होती.

रात्र फार लहान होती. आम्ही पूर्वेकडे, म्हणजे सूर्याच्या दिशेनं धावत होतो. समुद्रावर घटकाभर बुधवार लागला आणि आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली तसा परत मंगळवार झाला! अण्णा पुढच्या फेरीला आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर गोंधळ होता. "अंधार पडल्यावर मी खिचडी खाऊन उपवास सोडला. आता बाहेर ऊन, आणि ती मुलगी म्हणते आज मंगळवार. मग पुन्हा धरायचा की काय?"

"एका मंगळवाराचा एकच उपवास, अण्णा. उरलेला मंगळवार बोनस."

ते हसत हसत पुढे गेले. पडद्यापलीकडे ते पुन्हा आडवे झाले असतील. मलाही मग डोळा लागला.

विमान उतरलं तेव्हा एचएमटीमध्ये सातला थोडा वेळ होता. बोर्डिंग पासवर चौदा रेघा होत्या. दारात चाकांची खुर्ची तयार होती. न्यूयॉर्कच्या विमानतळावर लांबच लांब वाटा आणि पासपोर्टच्या रांगा, तेव्हा अण्णा मुकाट्यानं तिच्यात बसले. पण बाहेर पडायच्या दाराशी आल्यावर त्यांनी हात वर केला, कंडक्टरनं घंटी दिल्यावर गाडी थांबावी तशी खुर्ची थांबली. ते उठले, स्वेटर खाली ओढला आणि समोर उभ्या असलेल्या ताईकडे स्वतःच्या पायांनी चालत गेले. वीस-पंचवीस पावलंच असतील ती. ताई म्हणाली, "कशाला आलात अण्णा एवढ्या लांब?" आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. अण्णांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "वेळेवर आलोय ना?"

तीन दिवसांनी ताईचं ऑपरेशन झालं. भूल उतरल्यावर तिनं डोळे उघडले तेव्हा समोरच्या खुर्चीत अण्णा बसले होते. दर तासानं उठून वॉर्डाबाहेर एक चक्कर मारून यायचे. नर्सना वाटायचं, म्हातारबाबा काळजीनं येरझाऱ्या घालताहेत. त्या रेघा फक्त मला ठाऊक होत्या. ताई आता ठणठणीत आहे.

त्या रात्री मी सिंगापूरला फोन केला. सईनं पहिला प्रश्न विचारला, "बिझनेस क्लास कसा होता? मी दिलेले गुण बरोबर होते का?"

मी फोन अण्णांकडे दिला. ते म्हणाले, "पलंगाला तू सहा दिले होतेस. पाय जरा तिरके ठेवायला लागले, तेव्हा सहाच बरोबर. पण तुझ्या तक्त्यात एक रकाना राहिला होता."

"कुठला?"

"उतरल्यावर माणूस आपल्या पायानं चालत गेला का?"

सईनं तो रकाना नंतर तक्त्यात घातला. तो कागद आमच्या फ्रिजवर अजून लावलेला आहे. तिनं त्यात गुण लिहिलेले नाहीत. नुसती बरोबरची खूण केली आहे.

दोस्तांनो, तुमच्याही घरी कधी सायकल घ्यायची असते, कधी शाळा निवडायची असते, कधी आजीसाठी दवाखाना शोधायचा असतो. तेव्हा तक्ता जरूर आखा. अगदी पट्टी घेऊन आखा. फक्त गुण द्यायच्या आधी जरा थांबा आणि ज्याच्यासाठी तक्ता आखताय त्याला विचारा, की बाबा रे, तुझे रकाने कोणते? मग बघा, निकाल कसा फिरतो ते!

आणि हो, लांबच्या प्रवासात मधून मधून उठायला विसरू नका. आई-बाबांनाही उठवा. ते म्हणतील, "बस रे शांत." तेव्हा सांगा, आमच्या पोटरीत पंप आहे.